जुन्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचे आवाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या राजेंद्र नगरात माझं घर आहे आणि दारात २००७ ची, चारी चाकांवर चालणारी गाडी. मी मेकॅनिक नाही. पीथमपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये नोकरी झाली, तेव्हा बेअरिंग आणि गिअरशी जुनी ओळख. रविवारी पोह्यांची प्लेट संपायच्या आत कोणीतरी गेटशी गाडी लावतं आणि म्हणतं, "काका, जरा ऐका ना, मागून घूं-घूं येतंय." प्रश्न तेच, उत्तरंही तीच, म्हणून एकदाची लिहून काढली.

ऑल-व्हील-ड्राइव्ह आणि फोर बाय फोर यात आवाजाच्या दृष्टीनं काय फरक?

बराच. जिप्सीसारख्या फोर बाय फोरमध्ये कोरड्या डांबरी रस्त्यावर फक्त मागची चाकं ओढतात. दांडा टाकला की पुढचा ॲक्सल जोडला जातो. मारुतीनं आयात करून विकलेल्या ग्रँड व्हिटारात मधोमध एक डिफरेन्शियल (फेऱ्यांतला फरक जिरवणारी गिअरपेटी) आहे आणि चारी चाकं कायम ओढतात. होंडा सीआर-व्ही, निसान एक्स-ट्रेल, डस्टर, एक्सयूव्ही ५००, स्कोडा येती या गाड्या मूळच्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. मागच्या डिफरेन्शियलपाशी एक क्लच किंवा कपलिंग असतं, ते गरज पडली की मागच्या चाकांना जोर देतं.

इथेच लोक फसतात. "मी बटण टू-व्हीलवर ठेवलं तरी आवाज येतो, म्हणजे मागचा भाग बरा आहे," असं सांगतात. या गाड्यांत कपलिंग बहुधा अगदी मागे असतं, त्यामुळे बटण काहीही असो, प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे पुढून मागे जोर नेणारी लांब नळी, फिरतच राहतो. त्याचं बेअरिंग, क्रॉस (शाफ्टचा वाकता सांधा), मागचे हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), सगळं फिरतं. बटणानं कोणीही निर्दोष सुटत नाही.

आवाज आला की सर्वात आधी काय करायचं?

कागद घ्या. भाग कोणता गेला ते सध्या बाजूला ठेवा आणि आवाज केव्हा येतो ते लिहा. गाडीच्या वेगाबरोबर बदलतो की इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर? ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो की सोडल्यावर? सरळ जाताना येतो की वळताना, आणि कोणत्या बाजूला वळताना? गाडी थंड असताना येतो की वीस किलोमीटर झाल्यावर?

ट्रायलसाठी मी पहाटे सुपर कॉरिडॉरवर जातो. रस्ता रुंद आहे, त्या वेळी रिकामा असतो. ६० चा वेग धरा, मागे-पुढे कोणी नाही हे पाहा आणि गाडी न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही. स्टिअरिंग जड होतं आणि दोनचार वेळा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. न्यूट्रलमध्ये आवाज जसाच्या तसा राहिला आणि वेग उतरताना त्याच्याबरोबर उतरला, तर टायर, हब बेअरिंग किंवा शाफ्ट. न्यूट्रल करताच गेला किंवा सूर बदलला, तर ज्या दातांवर जोर येतो ते: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी पेटी), क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलचे मुख्य गिअर). उभ्या गाडीत रेस दिल्यावरही येत असेल तर चाकांकडे बघूच नका. मॅन्युअल गाडीत तेव्हा क्लच दाबून पाहा. दाबल्यावर आवाज थांबला तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग. उलट दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग.

गाडी दुसऱ्याला चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसा. ड्रायव्हरच्या सीटवरून मागचा प्रत्येक आवाज "कुठूनतरी मधून" येतो. आमच्याकडे हे काम मुलीचं. तिचे कान माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी तरुण आहेत.

८० च्या वर जायची गरज मला आजवर पडलेली नाही. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक असला, तरी आपली घूं-घूं ५० लाच पुरेशी बोलते.

मेकॅनिकला आवाज सांगायचा कसा?

मराठीत सांगा, याबाबत आपण श्रीमंत आहोत. एकदाच होणारा "खट्" म्हणजे कुठेतरी प्ले (सैलपणा) आहे आणि तो प्ले भरताना धक्का बसतोय. तालात चालणारी "टकटक" फिरणाऱ्या वस्तूची. "घुमणं" टायरचं किंवा बेअरिंगचं. "खरखर" म्हणजे बेअरिंगच्या वाटेला खड्डे पडले. "शिट्टी" गिअरच्या दातांची. "कण्हणं" क्लचच्या प्लेटांचं, आणि "कुरकुर" जवळजवळ नेहमी रबराची. आमचा उस्ताद हिंदीत बोलतो, पण "कुरकुर" म्हटलं की तो पान्याऐवजी आधी टॉर्च उचलतो.

मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा, पण फोन हातात धरून नको. मागच्या डिकीत कार्पेटवर ठेवा, मग पुढच्या सीटखाली, आणि दोन्ही वेळा वेग तोंडानं बोला: "चाळीस... पन्नास... सोडला." नाहीतर नंतर ऐकताना काहीच कळत नाही.

घूं-घूं येतेय. हब बेअरिंग की टायर?

हा प्रश्न मला स्वतःला महागात पडला आहे. माझ्या गाडीतून मागून घुमण्याचा आवाज यायला लागला. एका वर्कशॉपमध्ये दाखवली, त्यांनी एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "साहब, पीछे के दोनों हब गए." दोन्ही बदलले. बिल भरून गाडी बाहेर काढली आणि एबी रोडला लागेपर्यंत तीच घूं-घूं, त्याच सुरात.

घरी आल्यावर फाटकाशी उकिडवा बसलो आणि मागच्या टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. रबराचा प्रत्येक ठोकळा एका कडेला उंच, एका कडेला झिजलेला. आवाज टायरचाच होता. पुढचे टायर मागे, मागचे पुढे केले. दुसऱ्या दिवशी घूं-घूं बोनेटखालून यायला लागली. हे आधी केलं असतं तर फुकटात झालं असतं.

तर क्रम असा ठेवा. आधी तळहात. मग रस्ता बदलून पाहा: कॉलनीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर आणि नव्या डांबरावर टायरचा आवाज चटकन बदलतो, बेअरिंगचा फारसा नाही. मग मागचे-पुढचे टायर अदलाबदल. एवढं करूनही आवाज जागचा हलला नाही तर बेअरिंग.

बेअरिंग कोणत्या बाजूचं हे कळायला रिकाम्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगात गाडी हलकेच डावी-उजवीकडे झुलवा. उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्यावर. कधीकधी हे उलटंही निघतं, म्हणून शेवटचा निकाल जॅकवर लावा. चाक हातानं फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवायचा. चांगलं बेअरिंग हाताला काहीच सांगत नाही. खराब झालेलं बारीक वाळू दळल्यासारखं कळतं. चाक वरून-खालून धरून हलवा, तिथे प्ले म्हणजे बहुधा बेअरिंग. पुढच्या चाकात डावी-उजवीकडे हलवल्यावर प्ले असेल तर आधी टाय-रॉड (स्टिअरिंग चाकाला जोडणारी दांडी) पाहा.

पूर्ण वळवून गाडी काढताना टकटक येते. काय असेल?

बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे ॲक्सलच्या चाकाकडच्या टोकाचा वाकता सांधा. त्याच्या रबरी बुटाच्या घड्या उघडून पाहा. फाटला असेल तर रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसेल. ग्रीस गेलं, धूळ आत शिरली, जॉइंट संपला. बूट नुकताच फाटला असेल आणि टकटक अजून नसेल, तर साफ करून ग्रीस आणि बूट बदलून जॉइंट वाचतो. माझ्या मते वर्षातून दोनदा, विशेषतः पावसाळ्याआधी, चारी चाकांचे बूट पाहणं ही या गाड्यांवरची सर्वात स्वस्त मेहनत आहे. चारी म्हणतोय, कारण मागेही ॲक्सल आहेत हे लोक विसरतात.

खडा अडकलाय की जॉइंट, हे मोजून कळतं. टायरचा घेर साधारण सव्वादोन मीटर धरा. ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला सव्वा फेरी मारतं. टायरमधला खडा तेवढ्याच तालात वाजतो, सरळ जातानाही. सीव्ही जॉइंटमध्ये बहुधा सहा गोळ्या असतात. तो भराभर वाजतो, वळताना आणि जोर दिल्यावर. आतला जॉइंट गेला तर टकटक होत नाही. सरळ रस्त्यावर जोर देताना गाडी अंग झटकते आणि सोडला की शांत होते.

पार्किंगमध्ये वळताना मागून म्हैस हंबरल्यासारखा आवाज येतो आणि गाडी अडल्यासारखी वाटते.

ही ऑल-व्हील-ड्राइव्हची खास तक्रार, म्हणून जरा सविस्तर. वळताना पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची लहान. पुढच्या-मागच्या फेऱ्यांतला हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो: मधल्या डिफरेन्शियलमध्ये किंवा मागच्या क्लचमध्ये. तिथे तो जिरला नाही की टायर घसपटतात, गाडी धरते, आवाज येतो.

सर्वात आधी पुढचं-मागचं एकत्र जखडणारं लॉकचं बटण किंवा नॉब पाहा. हसू नका. ग्रँड व्हिटारा "४एच लॉक"वर ठेवून कोरड्या डांबरावर फिरवणारे मी पाहिले आहेत. गाडीचा दोष शून्य.

मग तेल. सीआर-व्हीच्या जुन्या पिढ्यांत मागे दोन पंपांची रचना आहे: एक शाफ्टच्या वेगानं फिरतो, एक मागच्या चाकांच्या. दोघांचा वेग जुळत नसला की तेलाचा दाब क्लचच्या प्लेटा आवळतो. वळताना थोडा फरक असतोच, तेवढा प्लेटांनी निसटू द्यायचा असतो. तेल जुनं झालं की प्लेटा निसटत नाहीत. धरतात, सोडतात, पुन्हा धरतात, आणि तेच कण्हणं तुम्हाला ऐकू येतं. यासाठी होंडाचं स्वतःचं ड्युअल पंप फ्लुइड असतं. नेहमीचं गिअर ऑइल तिथे चालत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या गाडीत कुठल्याशा गॅरेजनं मागे साधं गिअर ऑइल भरलं होतं. डबा लागतोच किती, लिटरभराचा! पण गाडी गेटमध्ये शिरताना शेजारचे खिडकीत यायचे. ते काढून योग्य फ्लुइड घातलं, मग भल्या पहाटे दसरा मैदानावर गाडीनं इंग्रजी आठचा आकडा काढत बसलो, दहा मिनिटं एकीकडे, दहा दुसरीकडे, म्हणजे नवं तेल प्लेटांच्या मध्ये शिरतं. फिरायला आलेले एक आजोबा थांबून म्हणाले, "शिकताय का?" परत तेल काढलं तर तेही काळपट, दुसऱ्यांदा ताजं भरल्यावर आवाज गेला.

हॅल्डेक्स बनावटीचं मागचं कपलिंग असेल, जसं येतीमध्ये, तर त्याचं तेल वेगळं आणि शेजारच्या डिफरेन्शियलचं वेगळं. प्लग जवळजवळ आहेत. एकाच्या तोंडात दुसऱ्याचं औषध जाऊ देऊ नका.

मधल्या डिफरेन्शियलवर व्हिस्कस कपलिंग असणाऱ्या गाड्यांत, उदाहरणार्थ आपल्याकडे शेव्हरले नावानं विकली गेलेली सुबारू फॉरेस्टर, कपलिंगच्या आतलं सिलिकॉन द्रव वर्षानुवर्षं तापून घट्ट झालं की ते कायम धरून राहतं. सपाट कोरड्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवा, पहिल्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर न देता क्लच हळूच सोडा. कोणी हँडब्रेक ओढल्यासारखी गाडी थांबायला लागली, आणि वीस किलोमीटर चालवल्यावर हे वाढलं, तर कपलिंग. ते बदलायचंच असतं, तेल बदलून हे बरं होत नाही.

पण त्याआधी टायर मोजा.

एकच टायर फुटला, एकच नवा घातला. चालेल ना?

नाही. नवा टायर ८ मिलिमीटर खाच असलेला आणि बाकीचे तीन ३ मिलिमीटरवर आलेले, असं धरा. त्रिज्येत ५ मिलिमीटर, म्हणजे घेरात ३१ मिलिमीटरचा फरक. किलोमीटरभरात चाकाच्या साधारण ४४४ फेऱ्या होतात. म्हणजे दर किलोमीटरला जवळजवळ १४ मीटरचा हिशेब डिफरेन्शियल आणि कपलिंगनं घालायचा, तोही सरळ रस्त्यावर, सतत. कपलिंग तापत राहतं आणि एक दिवस जातं. सुबारू चारी टायरच्या घेरातला फरक पाव इंचाच्या आत ठेवायला सांगते. पाव इंच घेर म्हणजे रबराच्या जाडीत जेमतेम एक मिलिमीटर.

शिंप्याची टेप घ्या, चाक उचलून टायरभोवती गुंडाळा, चारींचे आकडे लिहा. हवा आधी सारखी करा. बायकोची टेप घेतलीत तर काळे डाग पुसून परत ठेवा.

डी वरून आर टाकताना, किंवा ॲक्सिलरेटर सोडून परत दाबताना खाली "खट्" होतं.

शाफ्टचे क्रॉस, मागच्या डिफरेन्शियलचे रबरी माउंट किंवा इंजिनाचे माउंट. न्यूट्रल करा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, हँडब्रेक सोडा आणि खालून शाफ्ट हातानं डावी-उजवीकडे फिरवा. पूर्ण शाफ्ट मिळून थोडा फिरतो, तो डिफरेन्शियलच्या दातांमधला प्ले, तो चालतो. पण क्रॉसच्या एका बाजूचं योक (क्रॉसला धरणारा चिमटा) हललं आणि दुसऱ्या बाजूचं थांबलेलं राहिलं, तर क्रॉस गेला. तिथे प्ले शून्यच हवा. क्रॉसच्या टोप्यांभोवती विटकरी गंजाची भुकटी दिसली तर तीही साक्ष समजा. हळू चालताना चूं-चूं करत असेल तर आत ग्रीस उरलेलं नाही.

माउंट मात्र बघून कळत नाहीत. एकानं ब्रेक दाबून हलकाच जोर द्यावा आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहून, गाडीच्या समोर नव्हे, डिफरेन्शियल किती उडी मारतं ते पाहावं.

७०-८० ला सीटखाली बारीक थरथर आणि गुरगुर येते.

दोन-तीन तुकड्यांच्या शाफ्टला मध्ये आधार देणारं सेंटर बेअरिंग आणि त्याचं रबर. चाकाचं बॅलन्स बिघडलं तर स्टिअरिंग हलतं, धक्का मोठा आणि सावकाश असतो. शाफ्ट मात्र चाकाच्या एका फेरीत, डिफरेन्शियलच्या रेशोप्रमाणे, अडीच ते चार फेऱ्या मारतो, त्यामुळे त्याची थरथर बारीक, पायाच्या तळव्यांना मुंग्या आल्यासारखी. शाफ्ट उतरवायच्या आधी दोन्ही बाजूंना रंगानं खूण करायला सांगा. खुणेशिवाय परत बसवलेल्या शाफ्टमुळे नवीच थरथर घरी येते.

"शाफ्ट काढून चालवून बघू" असंही मेकॅनिक म्हणतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या काही गाड्यांत हे चालतं. मधलं डिफरेन्शियल असलेल्या गाडीत ती जागची हलणार नाही किंवा कपलिंग जाळेल.

जोर दिल्यावर मागून शिट्टी येते, सोडला की जाते.

क्राउन-पिनियन. भेरूघाट चढताना वाजतं आणि उतरताना थांबतं, किंवा उलट. एकाच वेगाच्या टप्प्यात येणारी शिट्टी दातांच्या बैठकीची असते. सगळ्याच वेगात खरखरीसकट येणारी पिनियन बेअरिंगची. आधी तेलाची पातळी पाहा. शिट्टी जुनी आणि तेवढीच असेल तर मी हात लावत नाही. नीट सेटिंग करू शकणारे हात कमी आहेत, आणि खोललेलं डिफरेन्शियल बऱ्याचदा आधीपेक्षा मोठ्यानं गातं.

तेल स्वतः पाहता येईल का?

येईल, एक अट: भरायचा प्लग आधी खोला, काढायचा नंतर. भरायचा जाम निघाला आणि तेल आधीच सांडलेलं असलं तर गाडी तिथेच राहते.

काढायच्या प्लगवर बहुधा चुंबक असतं. ते पांढऱ्या कागदावर पुसा. उगाळलेल्या गंधासारखी करडी, मऊ पेस्ट निघाली तर ती वयाची निशाणी, काळजी नको. बोटांत चुरताना टोचणारे कण, चपटे चकचकीत तुकडे किंवा दाताचा टवका निघाला तर खोलावं लागेल. दुधाळ चहासारखं तेल म्हणजे पाणी शिरलंय. वासावर जाऊ नका. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास नव्यातही असतो.

मागच्या हायपॉइड डिफरेन्शियलला सहसा जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. तेच मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये, जिथे कंपनीनं जीएल-४ सांगितलंय, घातलं तर पितळी सिंक्रोंना (गिअर जुळवणाऱ्या कड्यांना) त्रास होऊ शकतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय ते, दुकानदार "सब में चलता है" म्हणाला तरी.

पावसात गाडी पाण्यातून काढली. काही बघावं का?

हो. तापलेलं डिफरेन्शियल पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायचं तोंड) बुजलेला असेल तर पाणी ऑइल सीलमधून आत ओढलं जातं. आठवडाभरात तेल तपासा आणि ब्रीदरच्या टोपीतला चिखल काढा. दुसऱ्या सकाळी ब्रेकमधून येणारी खरखर डिस्कच्या गंजाची असते, दोन ब्रेकांत जाते.

अचानक कर्कश किर्र सुरू झालं, थांबतच नाही.

डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा. चार मीटर रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा पडतो.

एक चाक जॅकवर उचलून गिअरमध्ये फिरवून ऐकू का?

अजिबात नको. जमिनीवरची इतर चाकं ओढायला लागली की गाडी जॅकवरून उडी मारते. ऐकायचंच असेल तर चारी चाकं लिफ्टवर हवेत, आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक बेअरिंगच्या घरावर ठेवणारा माणूस सवयीचा हवा. गळ्यातला मफलर, बाह्या, लोंबणारी ओढणी त्याच्या आसपास नको.

आवाज येत असताना किती दिवस चालवू?

सीव्हीची टकटक वेळ देते. क्रॉसचा खट् कमी देतो. शाफ्ट सुटून रस्त्यावर आपटला तर गाडी उलटूही शकते. चाकात हाताला प्ले लागतोय किंवा डिफरेन्शियलमधून दगड भरडल्यासारखं येतंय, तर मुलांना घेऊन मांडूला जायचा बेत पुढे ढकला.

बंद पडली तर टो करून नेऊ का?

चारी चाकं वर घेणाऱ्या सपाट गाडीवरूनच. दोन चाकं उचलून दोन जमिनीवर फरफटवली तर कपलिंग वाटेतच जळतं. क्रेनवाल्याला फोनवरच सांगा, "ऑल-व्हील है, फ्लॅटबेड भेजना," आणि तो "कुछ नहीं होता साहब" म्हणाला तर दुसऱ्याला फोन लावा.